सत्त्याण्णववर वाजलेला गजर

आमच्या घरी देवापुढे दिवा लागला नाही, असा एकही दिवस मला आठवत नाही. सकाळचा जप झाल्याशिवाय मी चहाही घेत नाही. तरीही गेल्या वर्षी भाईंदर पूर्वेच्या एका रुग्णालयात, अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर बसलो असताना माझ्या मनात प्रथमच असे आले की, इतकी वर्षे मी ज्या दिशेने हाक मारीत आलो, तिकडे ऐकणारे कोणी आहे तरी का. आत माझी ताई बेशुद्धीच्या काठावर होती. बाहेर मी माळ ओढीत होतो, आणि माझ्या बोटांना ते मणी नुसते लाकडाचे लागत होते. पुढे जे घडले ते लिहून ठेवताना मी स्वतःला कोठेही झाकणार नाही, असे ठरविले आहे. कारण त्या दिवशी मला जी कृपा लाभली, तिची वाट माझ्याच अपराधातून जात होती.

ताई माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो आणि ताई सोळा वर्षांची. आमचे गाव रत्नागिरीच्या बाजूला. पावसाळ्यात लाकडे ओली असत आणि ताई चुलीपुढे उकिडवी बसून फुंकणीने फुंकर घालीत राही. धूर डोळ्यांत जाई, छातीत जाई. पण वडील आणि मी जेवायला बसलो की पानात गरम भात असे. लग्नानंतर काही वर्षांतच तिला वैधव्य आले. तेव्हापासून ती आमच्याकडे, मीरा रोडला पूनम सागरमध्ये राहते. तिने आयुष्यात कधी विडीला हात लावला नाही, तरी तिची फुफ्फुसे जुन्या धूम्रपान करणाऱ्यासारखी झाली आहेत, असे डॉक्टरांनी सांगितले, तेव्हा मला त्या चुलीची आठवण झाली. ज्या धुराने ती आजारी पडली, त्याच धुरावर माझा भात शिजला होता.

दोन वर्षांपूर्वी घरी ऑक्सिजन देणारे यंत्र आणावे लागले. त्या यंत्रावर काचेची एक उभी नळी असते, तिच्या आत छोटी गोळी तरंगते, आणि खालचा खटका फिरवला की ती वर चढते. डॉक्टरांनी स्पष्ट बजावले होते की गोळी एकवरच, म्हणजे मिनिटाला एका लिटरवरच ठेवायची, आणि बोटाला लावायच्या मापकावर आकडा अठ्ठ्याऐंशी ते ब्याण्णवच्या दरम्यान राहिला की पुरे. मी मान डोलावली. पण माझे मन त्याला कधीच तयार झाले नाही. साथीच्या दिवसांत माझ्या वडिलांना सिलिंडर मिळाला नव्हता. मी दारोदार फिरून परत आलो तेव्हा त्यांच्या बोटावरच्या मापकात आकडा उरला नव्हता. माझ्या घरात पुन्हा कोणाला श्वासाची उणीव पडू देणार नाही, अशी मी त्या दिवशी देवीपुढे प्रतिज्ञा केली होती. अठ्ठ्याऐंशी हा आकडा मला त्या प्रतिज्ञेचा भंग वाटे.

म्हणून मी गोळी हळूहळू वर नेली. प्रथम दोनवर, मग तीनवर, शेवटी चारवर. मापकावर अठ्ठ्याण्णव दिसू लागले. आमच्या गावच्या देवळात देवीला कौल लावतात. देवीच्या अंगावर फुलाचे कळे चिकटवायचे आणि उजवीकडचा कळा पडला की देवीने होकार दिला असे समजायचे. मी त्या मापकाचा तसाच कौल करून टाकला होता. अठ्ठ्याण्णव म्हणजे उजवा कळा. रोज सकाळी तो आकडा पाहून मी हात जोडीत असे आणि निश्चिंत मनाने कामावर निघत असे.

त्याच सुमारास ताई बदलली. सकाळी डोके जड झाले आहे, असे म्हणू लागली. पुढे दुपारीही डोळे मिटून बसू लागली. हाक मारली तर फिकटसे हसे आणि पुन्हा मिटून घेई. एरवी शेजारच्या गुजराती काकूंशी मोडक्या हिंदीत तासभर वाद घालणारी माझी बहीण एकाएकी अबोल झाली. तिच्या हातात माळ असायची, म्हणून मी असे धरून चाललो की तिचे मन आता नामात रमले आहे, म्हातारपणी ही अवस्था भाग्यवंतालाच लाभते. माझ्या पत्नीला हे पटत नव्हते. एकदा ती म्हणाली, "अहो, वन्सं नामात नाहीत, झोपेत आहेत. काल हातातली वाटी सुटली, तरी त्यांना कळलं नाही." मी तिला गप्प केले. ताईच्या साधनेत व्यत्यय आणू नकोस, असेही सुनावले. जिची वाचा मीच बंद करीत होतो, तिच्या मौनाला मी भक्ती म्हणत होतो.

एका सकाळी ताई उठेचना. रुग्णवाहिकेतून तिला रुग्णालयात नेले. अतिदक्षता विभागाच्या डॉक्टर तरुण होत्या, शांत बोलणाऱ्या. त्यांनी ताईच्या मनगटातून रक्त काढून तपासले आणि मला बोलावून विचारले की घरी ऑक्सिजन किती चालू होता. मी म्हणालो, एक लिटर. त्यांनी पुन्हा विचारले, नक्की एकच ना. मी पुन्हा हो म्हणालो. ऑक्सिजन जास्त झाल्याने कोणाचे काही बिघडत नाही, तेव्हा सांगितले काय आणि न सांगितले काय, अशी मी मनाशी समजूत घातली. खरे कारण निराळे होते. पत्नी शेजारी उभी होती आणि डॉक्टरांची आज्ञा मोडल्याचे तिच्यासमोर कबूल करण्याची मला लाज वाटली.

ताईच्या तोंडावर घट्ट मास्क बसवला गेला. एक यंत्र त्यातून दाबाने हवा आत ढकलत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास डॉक्टरांनी मला पुन्हा बोलावले. रक्तात साचलेला कार्बन डायऑक्साइड अपेक्षेइतका उतरला नव्हता. त्या म्हणाल्या की फक्त एका लिटरवर ही अवस्था झाली असेल, तर फुफ्फुसेच थकली आहेत असा त्याचा अर्थ होतो. मग मास्क पुरा पडणार नाही, घशात नळी घालावी लागेल. आणि अशा रुग्णाची नळी पुन्हा निघेल की नाही, हे सांगता येणार नाही. दुपारी दोनला रक्त पुन्हा तपासू, तोपर्यंत तुम्ही विचार करून ठेवा. मी संमतीचा कागद घेऊन बाहेर आलो. ताईने मला मागेच सांगून ठेवले होते, "बाबू, माझ्या घशात नळी घालू देऊ नकोस. बोलता येईल तेवढंच जगू दे मला." ज्या आवाजाने मला वाढविले, तो आवाज राहणार की जाणार, याचा निर्णय दुपारी दोनला व्हायचा होता.

अकराला भेटीची वेळ झाली. मी आत गेलो. ताईच्या उशाशी असलेल्या पडद्यावर एकोणनव्वदचा आकडा दिसत होता. माझे रक्त तापले. इतके मोठे रुग्णालय, भिंतीतून येणारा ऑक्सिजन, आणि माझ्या बहिणीला एकोणनव्वदवर ताटकळत ठेवले आहे. भिंतीवर माझ्या ओळखीची तशीच काचेची नळी होती आणि तिच्यात तरंगणारी गोळी. परिचारिका पलीकडच्या रुग्णाकडे वळली होती. मी देवीचे नाव घेतले आणि खटका फिरवला. आकडा चढू लागला. एक्क्याण्णव, त्र्याण्णव, पंच्याण्णव. सत्त्याण्णव दिसले तेव्हा मी डोळे मिटून हात जोडले.

त्याच क्षणी गजर वाजला. मला वाटले, दुसऱ्या कोणाचा असेल, कारण ताईचा आकडा तर उत्तम होता. पण परिचारिका धावत आली ती ताईकडेच. आकडा घसरला म्हणून धावणारी माणसे मी पाहिली होती. सत्त्याण्णवसाठी कोणी धावताना मी आयुष्यात प्रथमच पाहत होतो. तिने पडदा पाहिला, भिंतीकडे पाहिले, एका हाताने गोळी खाली आणली आणि मग माझ्याकडे वळली. सावळी, ठेंगणी, पस्तिशीची असेल. आवाज जराही न चढवता तिने विचारले, "काका, तुम्ही हात लावलात ना?"

मी मान हलवली.

"का?"

"कमी दिसत होता," मी म्हणालो.

"कमी न्हाय, बरोबर हाय. यांना अठ्ठ्याऐंशी ते ब्याण्णवच पाहिजे. जास्त दिला की आतला खराब वायू साचतो, माणूस गुंगीत जातो. झोपल्यासारखा दिसतो, पण झोप न्हाय ती." मग ती म्हणाली, "मी खरं तर नवजात बाळांच्या वॉर्डातली. आज इथं माणूस कमी, म्हणून पाठवलंय. आमच्याकडं वेळेआधी जन्मलेली पोरं असतात, त्यांना ऑक्सिजन जास्त झाला तर डोळे जातात. म्हणून आकडा वर गेला की वाजणारा अलार्म आमी पयला लावतो, मग खालचा. हातालाच सवय झालीये. या बेडवर वरचा बंद होता, मी सकाळी आल्या आल्या लावला."

तिने ताईचे पांघरूण सारखे केले आणि म्हणाली, "मला हे लिहायला लागेल, काका. मी लपवणार न्हाय. तुम्ही पण काय लपवलं असेल तर डॉक्टरांना सांगून टाका. अजून टाइम हाय."

तिला माझ्या खोटेपणाची काहीच कल्पना नव्हती. ते वाक्य तिने केवळ सवयीने उच्चारले असेल, जसा तो गजर सवयीने लावला होता. पण मी बाहेर आलो तो तिचेच शब्द मनाशी म्हणत. झोपल्यासारखा दिसतो, पण झोप नव्हे. गेल्या दोन महिन्यांतली ताई माझ्यापुढे उभी राहिली; मिटलेले डोळे, ते फिकट हसू, सुटलेली वाटी. मी काशीमिऱ्याला औषधाच्या एका कारखान्यात गुणवत्ता तपासनीस आहे. खोकल्याच्या औषधाची बाटली ठरल्याहून कमी भरली तर मी ती बाजूला काढतो, आणि जास्त भरली तरी बाजूला काढतो. किमान आणि कमाल, अशा दोन रेघा माझ्या टेबलावरच्या प्रत्येक कागदावर असतात. अठ्ठावीस वर्षे हेच काम करीत आलेल्या माणसाने आपल्या बहिणीच्या श्वासावरची वरची रेघ स्वतःच्या हाताने पुसून टाकली होती, आणि त्या कृत्याला प्रेमाचे नाव दिले होते.

जिन्याजवळच्या खिडकीपाशी मी उभा राहिलो. आमच्याकडे देवीला गाऱ्हाणे घालताना शेवटी म्हणतात की काही चुकलं-माकलं असेल तर पोटात घाल. हे शब्द मी लहानपणापासून हजारो वेळा उच्चारले आहेत. काय चुकले, ते मात्र एकदाही सांगितले नाही. चुकीचे नाव न घेता तिची माफी मागायची, ही माझी आयुष्यभराची रीत होती. त्या खिडकीपाशी मी प्रथमच देवीला चुकीचे नाव सांगितले. गोळी चारवर होती, मी डॉक्टरांशी खोटे बोललो, दोनदा बोललो, आणि आता त्यावर भिंतीवरचा खटकाही फिरवला. त्यापुढे मी काहीही मागितले नाही. ताई बरी व्हावी, हेसुद्धा मागितले नाही. मागण्याचा अधिकार मला उरला नाही असे वाटले, आणि नवल असे की ते वाटताच छातीवरचे एक जुने ओझे उतरल्यासारखे झाले.

मी सरळ डॉक्टरांकडे गेलो. पत्नी बाकावर बसली होती; तिलाही मी बरोबर घेतले, कारण जिच्यापुढे लाज वाटली होती तिच्यासमोरच हे बोलणे योग्य होते. मी सगळे सांगितले. डॉक्टर रागावतील, हाकलून देतील, अशी माझी अपेक्षा होती. त्यांनी फक्त विचारले, "चार लिटर? किती दिवस?"

"दोन महिने तरी झाले असतील," मी म्हणालो.

त्या खुर्चीत मागे टेकल्या. "हे काल सांगितलं असतंत तर माझी रात्र बरी गेली असती," त्या म्हणाल्या. "पण आज सांगितलंत, तेही चालेल. मला वाटत होतं फुफ्फुसं संपत आली. आता वाटतं, त्यांना जरा वेळ द्यायला हवा." त्या उठल्या, मास्कचा दाब थोडा वाढविला, ऑक्सिजन आकड्याच्या बेतात ठेवायला परिचारिकेला सांगितले आणि नळीचा निर्णय दोनच्या तपासणीवर सोडला. माझ्या हातातला संमतीचा कागद त्यांनी काढून घेतला नाही. पण घडी घालून खिशात ठेवा, असे सांगितले.

दोनपर्यंत मला दारातल्या काचेतून पाहायची परवानगी मिळाली. आयुष्यात इतकी कठीण उपासना मी कधी केली नसेल. पडद्यावर एकोणनव्वद, नव्वद, पुन्हा एकोणनव्वद असे चालले होते. हात आपोआप खटक्याकडे जाऊ पाहत. मी ते पाठीमागे बांधून उभा राहिलो. जेव्हा जेव्हा आकडा एक्क्याण्णवच्या वर जाई, तेव्हा ती परिचारिका येऊन गोळी केसभर खाली करी. कमी करण्यातही वात्सल्य असते, हे मी त्या दोन-अडीच तासांत डोळ्यांनी पाहिले. देव आपल्याला कधी कधी कमी देतो, याबद्दल मी किती वेळा रुसलो होतो, ते सारे प्रसंग त्या काचेपुढे एकामागून एक आठवत गेले.

दोन वाजता रक्त काढले. थोड्या वेळाने डॉक्टर स्वतः दारापर्यंत आल्या. त्यांच्या चेहऱ्यावरूनच पत्नीला कळले असावे, कारण डॉक्टर काही बोलायच्या आतच तिने माझा दंड घट्ट धरला. कार्बन डायऑक्साइड उतरू लागला होता. नळी घालायची गरज नव्हती. मी खिशातला कोरा कागद काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो फाडून टाकला आणि हसून पुढच्या रुग्णाकडे गेल्या.

संध्याकाळी ताईने डोळे उघडले. पाणी देण्यासाठी मास्क क्षणभर काढला, तेव्हा तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळले आणि खरखरीत आवाजात म्हणाली, "काय रे बाबू, एवढं तोंड पाडून बसलायस? कोण गेलं?" दोन महिन्यांनी ऐकलेला तो टोमणा मला कोणत्याही मंत्राहून पवित्र वाटला. शेजारच्या खाटेवरचे आजोबाही हसले.

तिसऱ्या दिवशी, ती नीट बसू लागल्यावर, मी तिच्यापाशीही कबुली दिली. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "लहानपणापासून तुझं असंच. पानात भात असताना आणखी हवा. मी वाढत गेले, हे माझंही चुकलंच. पण माझ्या पानात वाढताना मला विचारायचं तरी होतंस." एवढे बोलून तिने विषय संपविला आणि पेज अळणी असल्याची तक्रार सुरू केली. क्षमा इतकी सहज मिळू शकते, हे मला ठाऊक नव्हते.

त्या परिचारिकेचे आभार मानायला मी नवजात बालकांच्या विभागात गेलो. ती उत्तनजवळच्या चौक गावची राहणारी, कोळी घरातली. उत्तनकडून रोज बस पकडून येते, एवढेच मला कळले. दाराच्या फटीतून मी तिला म्हणालो की देवीनेच तुम्हाला त्या एका दिवसासाठी तिकडे पाठविले. ती हसली. तिच्या गळ्यात क्रूस होता. "काका, मला तर मेट्रननी पाठवलं," ती म्हणाली, आणि आत एक बाळ रडू लागल्यामुळे दार लावून घेतले. मी त्यावर वाद घातला नाही. कोणाच्या आज्ञेने कोण कोठे जाऊन पोहोचते, याचा उलगडा करण्याची माझी योग्यता नाही. मी त्या बंद दाराला नमस्कार केला आणि परत फिरलो.

महिन्याभराने ताईला तपासणीसाठी बोलावले. सहा मिनिटांत ती किती चालू शकते, हे पाहायचे होते. लांब बोळात दोन टोकांना खुणा केल्या होत्या आणि एक तंत्रज्ञ मुलगी हातात घड्याळ धरून तिच्या बाजूने चालणार होती. डॉक्टरांनी मला बाकावर बसायला सांगितले. ताईने पदर खोचला, बोटाला मापक लावून घेतले आणि निघाली. पहिली फेरी संथ झाली. दुसऱ्या फेरीत ती त्या मुलीला तिचे गाव, माहेर, लग्न जमले की नाही, असे विचारू लागली. मुलीने चालताना बोलू नका म्हटले, तर ताई म्हणाली, "बोलू नको म्हणालीस तर मला दम लागेल." ओपीडीत बसलेली माणसे मान वळवून पाहू लागली. पाचव्या मिनिटाला ती माझ्यासमोरून गेली. घामेजलेली, गाल लाल झालेले, पण ताठ. आकडा किती आहे, हे विचारायला मी तोंडही उघडले नाही. मी मांडीवर हात ठेवून बसून राहिलो.

वेळ संपली तेव्हा ती बोळाच्या दुसऱ्या टोकाला उभी होती. तंत्रज्ञ मुलीने तिथूनच मोठ्याने आकडा सांगितला, "एकोणनव्वद." डॉक्टरांनी टाळी वाजवली, पत्नीने वाजवली, आणि ज्यांना काहीच ठाऊक नव्हते अशा लोकांनीही वाजवली. ताईने त्या टोकावरून मला हात करून बोलावले. देवी आई, त्या क्षणी मी तुझ्याकडे काहीही मागितले नाही. तू जेवढे दिले होतेस तेवढे माझ्यासमोर बोळाच्या टोकाला उभे होते, हसत होते, बोलत होते, आणि ते पुरेसे होते. मी उठलो आणि तिच्याकडे चालत गेलो.